वह्या मिटा, पाट्या काढा: तासाची पहिली सात मिनिटं

"समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो. शनिवारी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला की निम्मी लेकरं पत्र्याकडं बघत बसतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत सातवीला शिकवताना मी कैक वर्षं त्या "होऽऽ"वर भरवसा ठेवला. आता तासाची पहिली सात मिनिटं वेगळी घालवतो. कशी, ते सांगतो.

आधी कारण. धडा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं ते येतंयच असं आपण धरून चालतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे 56 टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या 42.

तर हजेरी झाली की पुस्तक उघडू देऊ नका. फळ्यावर चारच प्रश्न लिहा: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा आणि एक अगदी जुना. हात वर करायला सांगू नका, नेहमीचीच तिघं उत्तरं देतात. सगळ्यांनी पाटीवर लिहायचं आणि "दाखवा" म्हटलं की एकदम पाट्या वर. पाट्या मी पहिलीच्या वर्गातून मागून आणल्या. सातवीच्या पोरांना आधी लाज वाटली, आठवडाभरात गेली.

लिहायला वेळ द्या. शांतता आपल्यालाच जड जाते आणि आपणच उत्तर सांगून मोकळं होतो. लेकरू अडलं तर पहिलं अक्षर सांगा, फार तर एखादी खूण. मात्र पाट्या बघून झाल्या की बरोबर उत्तर लगेच फळ्यावर आलंच पाहिजे, नाहीतर चूकच पक्की होते. गुण अजिबात देऊ नका. गुण आले की शेजारच्या पाटीवर नजर गेलीच.

प्रश्न कसा विचारता, यावर बरंच अवलंबून आहे. "मराठवाडा मुक्त कधी झाला?" याला 17 सप्टेंबर 1948 ही तारीख पाठ असली की भागतं. "देश 15 ऑगस्ट 1947ला स्वतंत्र झाला, मग आपण तेरा महिने मागं का?" असं विचारलं की निजामाचं हैदराबाद संस्थान आठवावंच लागतं.

गणितात प्रकार मिसळा. परिमितीची दहा गणितं एका रांगेत दिली तर पोरं वाचायचंही सोडून देतात, नुसती बेरीज मारतात. मी 60 मीटर लांब, 40 मीटर रुंद वावर फळ्यावर काढतो. एक प्रश्न: बांधाला तारेचा एक फेरा घालायचा, तार किती? दुसरा: सोयाबीन पेरायचं, जागा किती? पहिल्या दिवशी बऱ्याच पाट्यांवर दोन्हीकडं 200 होतं. वाद झाला, एकजण म्हणाला, "सर, पेरायचं तर आतमधी असतंय की!" मग 2400 चौरस मीटर आलं. अशा सरावात सुरुवातीला चुका वाढतात, घाबरू नका.

नवीन भाग शिकवताना एकच लक्षात ठेवा: डोक्यात एका वेळी तीन-चारच नव्या गोष्टी मावतात. आधी एक सोडवलेलं उदाहरण पूर्ण दाखवा, दुसरं अर्धं सोडवून त्यांच्याकडं द्या, तिसरं त्यांचं.

जुने प्रश्न ध्यानात ठेवायला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा आणि तीन डबे करा: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. बहुतेकांना जमलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, फसली की परत रोजच्या.

दिवाळीच्या सुमारास आमची बरीच लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात. जाताना वीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबर लावून देतो. काहींचा परत येतो, काहींचा फडातच राहतो. ती आली की पहिल्या दिवशी धडा मुळापासून सुरू करू नका, पाटी द्या. विसरलेलं दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडलं होतं. तेव्हा कोरी पाटी बघून "काहीच येत नाही" असा शेरा मारण्याआधी आठ दिवस चिठ्ठ्या चालवून बघा.