सी++ साठी एडिटर जोडताना आधी पाथ तपासा
पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येऊन सदाशिव पेठेत खोली घेतलेली मुले व्हीएस कोड बसवतात आणि प्रोग्राम चालत नाही म्हणून हिरमुसतात; परंतु हा केवळ एडिटर, म्हणजे कोड लिहिण्याचे साधन, असून त्याच्यासोबत सी++ या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, येत नाही. विंडोजवर एमएसवायएस२ (MSYS2, विंडोजसाठी अशी साधने पुरवणारा संच) मधून जीसीसी (GCC) हा कंपायलर बसवावा आणि त्याच्या यूसीआरटी६४ (ucrt64) फोल्डरातील बिन (bin) या उपफोल्डरचा पूर्ण पत्ता पाथ (PATH) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधते त्यांच्या यादीत, घालावा. त्यानंतर एडिटर पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडावा, कारण आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला बदललेला पाथ दिसत नाही. माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, जी++ (g++, जीसीसीमधील सी++ चा कंपायलर) ची आवृत्ती विचारावी. आकडा उमटला, तर कंपायलर सापडला. आज्ञा ओळखता आली नाही असा संदेश आला, तर पाथमधील पत्ता अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा.