एकमेकांच्या कविता मनापासून वाचणारा गट कसा उभा करावा

आमच्या किनाऱ्यावर कविता लिहिणारी माणसं गावोगाव आहेत. कुणी दापोलीला दवाखान्यात नर्स आहे, कुणी रत्नागिरीत बँकेत, कुणी मालवणात ट्रॉलरवर खलाशी, तर कुणी देवगडात हापूसची कलमं सांभाळतं. वहीत कविता असते, पण ती ऐकायला घरात कुणाला सवड नसते आणि पंचक्रोशीत दुसरा लिहिणारा ठाऊक नसतो. अशी माणसं आता फोनवर एकत्र येऊ शकतात, येतातही. पण एकत्र आल्यावर काय करायचं, हे बहुतेक गटांत कुणी ठरवलेलंच नसतं.

आमचा गट सुरू होण्याआधी मी एका मोठ्या गटात होते. आईच्या आजारपणात लिहिलेली चोवीस ओळींची कविता मी तिथे टाकली. चार सेकंदांत पहिला गुलाब आला आणि मिनिटाभरात अकरा जणांनी हात जोडले. चोवीस ओळी चार सेकंदांत वाचून होत नाहीत. त्या रात्री फार एकटं वाटलं. तेव्हापासून मी आणि दोन मैत्रिणींनी जे करून पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते इथे क्रमाने सांगते.

आधी माणसं मोजा

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात हजारावर माणसं बसतात. तुम्ही पंचविसाच्या वर जाऊ नका. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कवींचं होतं. रविवारी जमायचं आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. पुढे त्यांचं काव्यगायन गावोगावी गाजलं, पण त्या कविता आधी मोजक्या जाणत्या कानांवरून गेल्या होत्या.

पंचविसातले पाच-सहा जण मुद्दाम न लिहिणारे घ्या: ग्रंथपाल, वाचनाची आवड असलेली एखादी आजी, कॉलेजात मराठी शिकणारी मुलं. लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःची पुढची कविता घोळत असते, नुसत्या वाचकाचं तसं नसतं. आमच्याकडे चांगले प्रश्न बहुतेक वेळा या मंडळींकडूनच आले आहेत.

नियम चारच, पण पाळायचे

नियम लिहून तो संदेश गटात वर पिन करून ठेवा. आमचे चार नियम असे. आठवड्याला एकाची एकच कविता. दिवसाला जास्तीत जास्त दोन कविता, म्हणजे प्रत्येकीला वाचक मिळतो. स्वतःची कविता टाकण्याआधी त्या आठवड्यात निदान दोघांच्या कवितेवर शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि सुप्रभात, वाढदिवस, पुढे ढकललेले संदेश इथे नकोत, त्यासाठी हवा तर दुसरा गट काढा.

तिसरा नियम सगळ्यांत जड जातो आणि गट त्याच्यावरच उभा राहतो. कुणी तो मोडला तर गटात न बोलता फोन करा. चारचौघांत टोकलेला माणूस परत कविता टाकत नाही. आपोआप पुसले जाणारे संदेश ही सोय चालू असेल तर ती पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर कविता तीन महिन्यांत नाहीशा होतील.

कविता टाकायची कशी

आधी फोनमधल्या नोंदवहीत नीट टाइप करा, मग तिथून गटात चिकटवा. फोनचा पडदा अरुंद असतो, लांब ओळ मध्येच तुटते आणि वाचणाऱ्याला कळत नाही की ती कवीने तोडली की फोनने. ओळ लांब असेल तर ती कुठे मोडायची हे स्वतः ठरवा. कडव्यांमध्ये एक ओळ मोकळी सोडा. खाली नाव, गाव आणि तारीख लिहा.

सूर्यास्ताच्या फोटोवर कविता छापून टाकू नका. त्यातली ओळ उचलून तिच्याबद्दल बोलता येत नाही, आणि आमच्या गटातल्या ज्या एकांना दिसत नाही, त्यांचा फोन चित्रातली अक्षरं त्यांना नीट वाचून दाखवत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कविता संगणकावर पडून असतील, तर त्या युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर नुसती भलतीसलती चिन्हं उमटतात.

आणि आपणच आपल्या कवितेवर प्रस्तावना लिहू नका. ‘सहज सुचलं म्हणून’, ‘चुकभूल द्यावी घ्यावी’ हे शब्द कवितेआधी आले की वाचणारा आधीच सांभाळून बोलायला लागतो.

दाद द्यायची कशी

हे जमलं तर बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, म्हणून इथे सावकाश सांगते.

रत्नागिरीकडे ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला असेल त्यांना हे लगेच पटेल. एका बाजूच्या शाहिराने गाण्यातून सवाल टाकला की दुसऱ्या बाजूला गाण्यातूनच जबाब द्यावा लागतो. समोरच्याचा शब्द नीट कानावर घेतला नाही तर जबाब जमतच नाही. कवितेच्या गटातल्या दादेलाही हेच हवं. आपण ऐकलं, हे आपल्या उत्तरातून दिसलं पाहिजे.

कविता आली की लगेच लिहू नका. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्याने. मग त्या संदेशालाच जोडून उत्तर द्या, म्हणजे दोन कवितांची सरमिसळ होत नाही. आधी तुमच्या मनात राहिलेली ओळ जशीच्या तशी उतरवून काढा. मग ती वाचताना काय दिसलं, काय आठवलं, ते एका-दोन वाक्यांत लिहा. त्यानंतर काही अडलं असेल तर ते प्रश्नाच्या रूपात विचारा. ‘हे कडवं काढा’ म्हटलं की माणूस मिटतो, ‘इथे तुम्हाला काय दिसत होतं?’ म्हटलं की तो बोलायला लागतो.

उदाहरण देते. मालवणच्या खलाशी पोराने वडील गेल्यावर वर्षाने कविता टाकली. सुरुवात ‘अथांग सागर, अथांग मन’ अशी होती. तिसरं कडवं असं होतं:

वल्ह्यावरी डाग काळा
जिथे बाबा धरायाचे
तिथे मूठ ठेवली मी
डोळे भरून यायाचे

पाच-सहा जणांनी ‘हृदयस्पर्शी’ लिहिलं. मग गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने उत्तर दिलं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांनी पहिल्या दोन ओळी उतरवून काढल्या आणि लिहिलं, “हा डाग मला दिसला. वर्षानुवर्षं एकाच जागी हात घासून झालेला. बाळा, तू तिथे मूठ ठेवलीस तेव्हा हाताला काय जाणवलं?”

संध्याकाळी बोटीवरून त्याचा आवाजी संदेश आला. मागे इंजिनाची धडधड होती. “बाई, बापाशीचो हात मोठो होतो. माजी मूठ ठेवल्यार दोन बोटां जागा रवता.”

बाईंनी एवढंच लिहिलं, “हेच लिही.”

दोन दिवसांनी कविता परत आली. अथांग सागर गेला होता. सुरुवातच वल्ह्यापासून होत होती आणि शेवट असा होता:

तिथे मूठ ठेवली मी
उरे जागा दोन बोटं

एकाने विचारलं की यमक सुटलं, ते जुळवता येईल का. यावर गटात दिवसभर चर्चा झाली आणि शेवटी कवीने ठरवलं की राहू दे. माझ्या मते त्याने बरोबर केलं. ‘यायाचे’ हा शब्द यमकासाठी ओढून आणला होता आणि त्याच्या मागे ती दोन बोटं लपून राहिली होती. बाईंनी एकही ओळ स्वतः लिहून दिली नाही, हेही ध्यानात घ्या. दुसऱ्याच्या कवितेत आपली ओळ घालण्याचा मोह मोठा असतो. तो टाळा. कवीने मागितली तरी एकदा नाही म्हणा.

कविता आवडली नसेल तर? तरी एक ओळ शोधा. बहुतेक कवितांत ती असते, पुष्कळदा चौथ्या-पाचव्या ओळीत, लिहिणाऱ्याचा हात मोकळा झाल्यावर. आणि खरंच काही सापडलं नाही तर त्या कवितेवर गप्प राहा. खोटी स्तुती केलीत तर पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या स्तुतीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

वृत्ताची चूक सांगताना

‘लय बिघडली’ एवढं म्हणू नका, कुठे ते दाखवा. अष्टाक्षरी असेल तर अक्षरं बोटांवर मोजा, जोडाक्षर एकच धरा. ‘वल्ह्यावर बाबांचा हात’ ही नऊ भरते, ‘वल्ह्यावरी डाग काळा’ बरोबर आठ. भुजंगप्रयात असेल तर मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणून पाहा, ओळ जिथे अडखळेल तिथे लघुगुरू चुकलेला असतो. गझल लिहिणाऱ्या नवख्यांचा काफिया, म्हणजे यमक, फार वेळा घसरतो. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन ओळींत, ‘वारा’ आणि ‘किनारा’ घेतले की पुढच्या प्रत्येक शेरात ‘आरा’ यायला हवा, तिथे ‘वेगळा’ चालत नाही. हे समजावताना दोन ओळींत समजवा, व्याख्यान नको. मुक्तछंद लिहिणाऱ्याला मात्रा मोजून दाखवण्यात अर्थ नाही.

बोलीला हात लावू नका

मालवणीतली, संगमेश्वरीतली, कोळ्यांच्या बोलीतली कविता आली की कुणीतरी ‘शुद्ध’ करायला धावतं. ‘माका’चं ‘मला’ केलं की त्या ओळीतला माणूसच निघून जातो. जो शब्द कळला नाही तो विचारा. आम्ही असे शब्द एका वेगळ्या कागदावर जमवतो: झील (मुलगा), चेडू (मुलगी), खंय (कुठे), गजाल (गोष्ट, गप्पा). आता दापोलीची नर्सही मालवणी कविता अडखळत का होईना मोठ्याने वाचते.

नवख्याची पहिली कविता

पहिली कविता टाकणाऱ्याला चोवीस तासांच्या आत निदान तिघांनी ओळ उतरवून उत्तर द्यायचं, हे आम्ही आपसांत ठरवून ठेवलं आहे. पहिल्या कवितेवर दोष सांगायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. आणि जो सहा आठवडे गप्प आहे त्याला ‘लिहीत नाहीस का’ असं विचारण्याऐवजी त्याच्या जुन्या कवितेतली लक्षात राहिलेली ओळ पाठवा. अशाने तिघं परतलेली मी पाहिली आहेत.

नाव आणि हक्क

गटातली कविता गटाबाहेर न्यायची असेल तर कवीला विचारा आणि नावासकट न्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कविता लिहिली की तिच्यावर कवीचा हक्क आपोआप लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कवीच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. दिवाळी अंकाला कविता पाठवायची असेल तर ती आधी उघड्यावर टाकू नका, पुष्कळ संपादकांना अप्रकाशितच लागते.

महिन्याच्या शेवटी एकाने सगळ्या कविता एका फाइलमध्ये उतरवून ठेवाव्यात. मालगुंडच्या केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये ते गेले, आणि पुढे हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता संपादित करून संग्रह काढला. कविता मासिकांतून छापून आल्या होत्या आणि कुणीतरी जपल्या होत्या, म्हणून ते शक्य झालं. जळगावहून ना. न. फडणीस यांनी १८८७ पासून केवळ कवितेला वाहिलेलं ‘काव्यरत्नावली’ चालवलं, ते असंच जपण्याचं काम होतं. आपली फाइल लहान आहे, पण तारीखवार ठेवा.

पावसाळ्यात

जूनपासून वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. तेव्हा व्हिडिओ मागू नका, आवाजी संदेश मागवा. रेंज नसताना बोलून ठेवलेलं रेंज आल्यावर आपसूक जातं. सड्यावर, म्हणजे रेंज मिळते त्या डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, जाऊन एकदा सगळं उतरवून घेतलं की घरी बिनारेंजचंही ऐकता येतं. आवाजात ऐकल्यावर कवीला स्वतःचीच अडखळणारी ओळ सापडते, हा आणखी एक फायदा. पावसात दिवसांचं वेळापत्रक सैल सोडा.

वर्षातून एकदा भेटा

एप्रिल-मेमध्ये आंब्याची धांदल आणि पावसात वाटा बिकट, म्हणून आम्ही जानेवारीचा एक रविवार धरतो. मागच्या खेपेला गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मघरी गेलो. डबे आपापले. त्या दिवशी स्वतःची कविता वाचायची नाही. सगळ्यांच्या कविता कागदावर उतरवून आणायच्या, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची येईल त्याची वाचायची. दुसऱ्याच्या तोंडून आपली कविता ऐकणं हा वेगळाच अनुभव असतो, आणि वाचणाऱ्यालाही आधी ती पूर्ण समजून घ्यावी लागते.

बाईंच्या चिठ्ठीत मालवणच्या पोराची कविता निघाली. पोर समोर जमिनीवर बसला होता. ‘उरे जागा दोन बोटं’ म्हणून बाईंनी कागद खाली केला. बराच वेळ कुणी बोललं नाही.