राजकीय हत्यांची जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती वाचताना या चुका टाळा

जुने छायाचित्र समोर आले की आपण आधी त्याखालची ओळ वाचतो आणि मग त्या ओळीत जे लिहिले आहे तेच आपल्याला चित्रात दिसू लागते. राजकीय हत्यांच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते, कारण सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्याला प्रत्यक्ष हल्ल्याचा क्षण क्वचितच सापडला. हाती असते ते बहुधा काही मिनिटे आधीचे किंवा नंतरचे.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या क्षणाचे छायाचित्र नाही. पोलीस एका माणसाला ओढून नेत असल्याचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे, ते अनेक दशके ‘गाव्रिलो प्रिन्सिपची अटक’, म्हणजे मारेकऱ्याची अटक, म्हणून छापले गेले. प्रत्यक्षात तो जमावातला फर्डिनांड बेर होता, असे आता मानले जाते. प्रिन्सिपची कैदेतील छायाचित्रे उपलब्ध आहेत. चेहरा त्यांच्याशी ताडून पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले.

दुसरी चूक पुनर्निर्मित दृश्याला अस्सल मानण्याची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या प्रदर्शनात गोळ्या झाडल्या गेल्या. एडिसन कंपनीच्या माणसांनी त्यांचे आदल्या दिवशीचे भाषण आणि हल्ल्यानंतर सभागृहाबाहेर जमलेली गर्दी खरोखर चित्रित केली होती. मारेकरी चोल्गोशच्या मृत्युदंडाच्या चित्रफितीत मात्र ऑबर्न तुरुंगाचे बाह्यदृश्य खरे आणि आतला प्रसंग नटांनी केलेला आहे. कंपनीने ती पुनर्निर्मिती म्हणूनच विकली होती, त्यामुळे दोष तिचा नव्हे, आपला. अंधाऱ्या बंद खोलीतले दृश्य जुन्या चित्रफितीत लख्ख आणि नीट चौकटीत बसलेले दिसले, तर आधी शंका घ्यावी.

हीच कसोटी आपल्याकडेही लावता येते. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तेव्हाच्या कॅमेऱ्याला त्या अंधारात काही टिपणे शक्यच नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर झालेल्या हल्ल्याचे म्हणून फिरणारे, पिस्तूल रोखलेल्या मारेकऱ्याचे एक चित्र तर १९६३ च्या एका इंग्रजी चित्रपटातले आहे.

सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण फ्रान्समधील मार्सेयचे. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर तिथे मारला गेला आणि ही ‘चित्रित झालेली हत्या’ म्हणून सांगितली जाते. वस्तुतः गोळी झाडण्याचा नेमका क्षण फितीत नाही. आहे ती त्याआधीची मिरवणूक, नंतरचा गोंधळ आणि मोटारीत कोसळलेला राजा. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बार्थू हेही त्यात दगावले, पण पुढील तपासणीनुसार त्यांना लागलेली गोळी मारेकऱ्याची नसून पोलिसांची होती. म्हणजे इतकी जवळून घेतलेली फीतही हा प्रश्न सोडवू शकली नाही. शिवाय त्या काळच्या वृत्तपत्रांत मारेकऱ्याचे नाव त्याच्या बनावट पारपत्रावरील ‘पेत्रुस केलेमेन’ असे आढळते. तो बल्गेरियाचा व्लादो चेर्नोझेम्स्की असल्याचे नंतर निष्पन्न झाले. जुने अंक चाळताना एकच नाव शोधलेत, तर अर्धी सामग्री हातची जाईल.

राहता राहिला वेग. सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम्सनी) घेतलेली मूकफीत २४ च्या वेगाने चालवली, की मिनिटभराची घटना ४० सेकंदांत आटोपते आणि माणसे धडपडत पळताना दिसतात. अशा प्रतीवरून ‘रक्षक किती सेकंदांत धावले’ याचा हिशेब मांडण्यापूर्वी मूळ वेग कोणता होता ते तपासा.