ग्रामसभेआधी गावात मराठी चित्रपट दाखवायचा असेल तर

चित्रपट पाहून कोणी जबाबदार नागरिक होत नाही. पडदा गुंडाळायच्या आत लोकांनी काय ठरवलं आणि ते कागदावर आलं का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आधी तारीख ठरवा, चित्रपट नंतर.

ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास भरते. तिची नोटीस विषयपत्रिकेसह सात दिवस आधी लागते. तुमचा विषय त्या पत्रिकेत यायला हवा असेल, तर अर्ज नोटीस निघायच्या आधी पोचला पाहिजे. त्यामुळे खेळ ग्रामसभेच्या 12 ते 15 दिवस आधी ठेवा. आदल्या आठवड्यात ठेवला तर चर्चा रंगते, पण विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये ढकलला जातो आणि तिथेच विरतो. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर खेळ पुढे ढकला.

चित्रपट उपदेश करणारा नको. स्वच्छतेवरचा माहितीपट लागला की मागच्या रांगा उठतात. ज्यात निर्णय चुकतो आणि तो कसा चुकला हे दिसतं, असा चित्रपट शोधा. उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ (2011) हे चांगलं उदाहरण: दवाखान्याचा विषय मागे पडतो आणि देवळाचा पुढे येतो, तेही गावातल्याच लोकांच्या होकाराने. त्यात खलनायक एकटा नाही, म्हणून बोलायला जागा उरते.

परवानगी लेखी घ्या. प्रवेश फुकट असला तरी सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची, म्हणजे निर्माता किंवा वितरकाची, संमती लागते. घरच्या ओटीटी खात्यावरून मैदानात दाखवणं त्यात बसत नाही. पत्रात गाव, तारीख, अंदाजे प्रेक्षक आणि ‘तिकीट नाही’ हे चार तपशील द्या. चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र असल्याची खात्री करा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. रात्री 10 नंतर तो उघड्यावर वाजवता येत नाही.

वेळेचं गणित इथेच चुकतं. एप्रिलमध्ये साडेसातच्या आधी नीट अंधार होत नाही. सव्वादोन तासांचा चित्रपट पावणेदहाला संपतो आणि चर्चेला माणसं थांबत नाहीत. उपाय दोन: वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट घ्या, नाहीतर मोठा चित्रपट दोन रात्रींत दाखवा. दुसरा उपाय जास्त चांगला. मध्यंतराला थांबवलं की ‘पुढं काय होणार’ यावर लोक आपणहून वाद घालतात, आणि दुसऱ्या दिवशी येतातही.

जागा शाळेचं मैदान. देवळाचं पटांगण किंवा तालीम सोयीची वाटते, पण तिथे काही वस्त्यांतली माणसं येत नाहीत, बायका तर कडेलाच उभ्या राहतात. पावसाळ्यात शाळेचा हॉल घ्या.

साठ-सत्तर माणसांना आठ फूट रुंद पडदा पुरतो. त्यासाठी निदान 3000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर हवा. साधारण प्रोजेक्टर पडद्यापासून बारा फुटांवर बसतो. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं, तेव्हा कापड दुहेरी घ्या. खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, सतरंजीवर बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत. खाली पाइप ओवा आणि कडा फुटाफुटावर बांधा. वाऱ्याने पडदा फुगला की चित्र डुलतं. समोरचा रस्त्याचा दिवा बंद करायला वायरमनला आधीच सांगून ठेवा.

आवाजाकडे दुर्लक्ष होतं, आणि खेळ पडतो तो आवाजामुळेच. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द जुळत नाहीत, वायरच लावा. फाइलचा आवाज 5.1 (म्हणजे सहा स्पीकरसाठी वाटलेला) असेल तर प्लेअरमध्ये स्टिरिओ निवडा, नाहीतर पार्श्वसंगीत गरजतं आणि संवाद गायब होतात. तपासणी गाण्यावर नको, हळू आवाजातल्या संवादावर करा, मैदानात शेवटच्या रांगेत बसून. फाइल लॅपटॉपमध्ये उतरवलेली हवी. वीज जाणार हे धरून इन्व्हर्टर ठेवा. बल्बचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला तर बल्बला मार बसतो.

सत्कार, नारळ, मनोगत काही नको. सरपंचांनी खर्च उचलला की तो त्यांचा कार्यक्रम होतो आणि विरोधी गट घरी बसतो.

चर्चा माइकशिवाय, दहा-बारा जणांच्या घोळक्यांत. ‘यातून काय बोध घेतला?’ असं विचारू नका, शाळेतली उत्तरं येतील. पहिला प्रश्न चित्रपटाचाच: दवाखान्याचा विषय नेमका कुठल्या क्षणी मागे पडला, आणि तेव्हा कोण गप्प बसलं? त्यानंतर: आपल्याकडे असा मागे पडलेला विषय कोणता? इथे भाऊबंदकी उफाळते. ‘माणसाचं नाव नको, कामाचं नाव सांगा’ एवढं एकच वाक्य धरून ठेवा. बायकांचा घोळका वेगळा ठेवा. ग्रामसभेआधी महिला सभा होते, त्यांचा विषय तिथून ठराव होऊन येऊ शकतो.

प्रत्येक घोळक्याने एकच विषय लिहायचा: काम, जागा, किती दिवस रखडलंय, निर्णय कोणाकडे. वीज कंपनीचा खांब किंवा राज्य महामार्गाचा खड्डा ग्रामपंचायतीच्या हातात नसतो. तो अर्ज त्या कार्यालयात द्या, ग्रामसभेत फक्त पाठपुराव्याचा ठराव मागा. बाकी अर्ज दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या.

ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मोजकी माणसं उरलेला कारभार उरकतात. म्हणून खेळाला आलेल्यांची वाडीवार यादी करा आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक वाडीत एकाने फिरून आठवण द्या. सभेत ठराव वाचून दाखवायला लावा, इतिवृत्तात शब्द तसेच उतरले का पाहा, आणि ठरावाच्या नकलेसाठी अर्ज त्याच दिवशी करा.