आदिम आईची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या अश्मयुगीन कथेतली नायिका कडा चढली, बिबट्याला हुसकावून आली, पुराची नदी पोहून गेली. आईनं कागद वाचून संपवले, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "पोर कुठं ठेवलंस गं?" पहिल्या पानावर नायिकेला चार महिन्यांचं तान्हं बाळ होतं. पुढची अकरा पानं त्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हापासून कुणी अशी कथा वाचायला दिली की मी आधी बाळ शोधते. बहुतेक वेळा लेखकानं ते गुहेत निजवलेलं असतं आणि लढाई संपेपर्यंत ते गुणी लेकरू हूं की चूं करत नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात लिहा: बाळ कुणाकडे आहे, शेवटचं कधी प्यालं, कोरडं आहे की ओलं. एवढ्यानं प्रसंगच बदलतो. एक हात अडकलेली बाई भाला फेकायच्या फंदात पडणार नाही, ती फास लावेल. पळायचं ठरवलं तरी किती पळेल, याचा हिशेब तिला करावाच लागेल.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स इथं हा हिशेब चिखलात उमटलेला आहे. किमान १०,००० वर्षांपूर्वीचा, दीड किलोमीटरहून लांब असा पावलांचा माग. चालणारी बहुधा तरुण बाई, किंवा मिसरूड न फुटलेला पोरगा. जाताना कडेवर लेकरू. मध्येच थांबून ते खाली ठेवलंय, तिथं चिमुकली पावलं दिसतात. मग पुन्हा उचललंय. काही तासांनी तीच व्यक्ती त्याच वाटेनं परतली, पण परतीच्या मागावर लेकराची खूण नाही. दरम्यान एक मॅमथ (हत्तीच्या कुळातला) आणि एक महाकाय स्लॉथ (अस्वलासारखा अवाढव्य प्राणी) ती वाट ओलांडून गेले; दोघंही आता नामशेष. कुठल्याही लढाईच्या प्रसंगाआधी हा माग डोळ्यांसमोर आणा.

दुसरी चूक काळाच्या खिचडीची. 'प्रागैतिहासिक' म्हणजे एकच एक काळ नव्हे. सह्याद्रीत मॅमथ आणू नका, तो आपल्याकडे नव्हताच. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याची कोरीव कवची आणि मणी मिळालेत, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग! हे सोडून आपण सायबेरियाचा हत्ती कशाला उसना आणायचा?

खाण्याचं तर विचारूच नका. नायिका रताळी भाजते (मीही भाजली होती). बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाण्याचं कंद, म्हणजे आपलं अर्धं उपासाचं ताट, अमेरिकेतून आलेलं आहे. मिरचीसुद्धा. ताम्रपाषाण युगातलं, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव असेल तर जव, मसूर, कुळीथ, बोरं वापरा. आणि दोन गारगोट्या आपटून जाळ पेटवू नका. गारगोटीवर गारगोटी आपटल्यानं नुसती चमक दिसते, कापूस पेटत नाही. लाकडावर लाकूड घुसळा, यज्ञात अरणी घुसळतात तसं. त्याहून बरं म्हणजे निखारा राखेत जपू द्या. बाळाइतकंच त्यालाही रात्री उठून बघावं लागतं.

दुधाची चूक बायकाही करतात, याचं मला नवल वाटतं. अश्मयुगातलं अनाथ बाळ शेळीच्या दुधावर वाढतं! शेळी माणसाळली ती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात. त्याआधीच्या कथेत आई गेली तर दुसरी पाजणारी बाई शोधायची, नाहीतर बाळ गेलं. ती बाई वैरी टोळीतली असेल तर कथानक तिथंच उभं राहतं. शिवाय दरवर्षी बाळंतपण दाखवू नका. सतत अंगावर पाजलं की पाळी लांबते. भटक्या शिकारी समाजांत दोन मुलांत तीन-चार वर्षांचं अंतर आढळतं. आणि 'तेव्हा माणसं तिशीत मरायची' म्हणून आजीला कथेतून काढू नका. सरासरी खाली ओढतात ती लहानपणी गेलेली मुलं. जगल्या-वाचलेल्यांत म्हाताऱ्या बायका होत्या, आणि आई कंद उकरायला गेल्यावर बाळ त्यांच्याच मांडीवर असणार.

आता सगळ्यात मोठी चूक. 'मुलं मरायचीच, त्यांना सवय होती' असं म्हणून लेखक मृत्यू एका वाक्यात उरकतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, ताम्रपाषाण युगातलं गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून दीड दशक उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आत मूल, आणि ती घराच्याच जमिनीखाली पुरत. म्हणजे चूल, धान्य भरडायचा पाटा, पाण्याचा रांजण सगळं तिथंच, नि पायाखाली हातभर खोल लेकरू. दुसऱ्या दिवशी तीच जमीन चोपून सपाट करायची, त्यावर पुढचं मूल रांगणार. याला सवय म्हणायचं? तुमच्या नायिकेला त्या जागी बसून दळू द्या. तिचं रडणं दाखवू नका, ती बसायची जागा बदलते एवढंच दाखवा.

कथेत फँटसी हवी असेल तर तीही तिथंच सापडेल. इनामगावात मोठ्यांना पुरताना घोट्याखाली पाय तोडत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा एक तर्क. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत स्त्रीची मूर्ती होती आणि सोबत दुसरी, बिनडोक्याची. एवढं हाताशी असताना हातातून निळा प्रकाश सोडणारी देवी कशाला? देवीनं भूक मिटवली की जगण्याची कथा संपली. देवीनं काही द्यायचंच तर बदल्यात तिला काहीतरी घेऊ द्या.

आणि सटवाई आणणार असाल तर सांभाळून. पाचवीच्या रात्री ती बाळाच्या कपाळी लिहिते, हे आपलं झालं. ज्यांना अक्षरच ठाऊक नाही त्यांची देवी लिहील कशी? गाठ मारेल, नखानं रेघ ओढेल. ही एक अडचण सोडवताना मला अख्खी नवी देवी सापडली.

दुसरा खर्डा घेऊन आईकडे गेले. या वेळी बाळ प्रत्येक पानावर होतं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "आहे गं. पण हे एकदाही रडत कसं नाही?"