७३७ वरून ए३२० वर जाताय? या चुका टाळा

घरच्या सिममध्ये (संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये) मी दोन वर्षं बोइंग ७३७ शिवाय दुसरं काही उडवलं नव्हतं. बंद विमान सुरू करण्यापासून ते गेटवर आणून लावेपर्यंत सगळं हातात बसलं होतं. मग एअरबस ए३२० घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी नागपूरच्या धावपट्टीवर ते तीनदा आपटलं. विमानाची फाइल ठीक होती, जॉयस्टिकही ठीक होता. हात मात्र अजून ७३७ उडवत होते.

नवीन विमान घेतलं की बहुतेक जण बटणं पाठ करायला बसतात. बटणं आठवड्याभरात येतात. त्रास होतो तो जुन्या सवयींचा, कारण सवय सुटली नाही हे आपल्याला कळतच नाही. नेमकी कुठली सवय कुठे घात करते आणि ती कशी ओळखायची, एवढंच इथे लिहितो.

थ्रॉटल: सगळ्यात आधी हे नीट करा

७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा) चालू असला की थ्रॉटलचे लिव्हर आपोआप पुढे-मागे सरकतात. इंजिन किती जोर लावतंय ते बघून कळतं. ए३२० मध्ये असं होत नाही. टेकऑफनंतर लिव्हर ‘सीएल’ (क्लाइम्ब, म्हणजे चढाई) खाचेत आणले की उतरेपर्यंत ते तिथेच राहतात आणि ऑटोथ्रस्ट इंजिनं आतल्या आत कमी-जास्त करतो. लिव्हर कुठल्या खाचेत आहे ही विमानाला दिलेली आज्ञा असते: आयडल (किमान जोर), सीएल, फ्लेक्स (टेकऑफचा कमी केलेला जोर), टोगा (पूर्ण जोर).

घरच्या साध्या थ्रॉटलला खाचा नसतात. त्यामुळे आपल्याला वाटतं लिव्हर सीएलमध्ये आहे, आणि सिमच्या हिशेबात तो दोन-तीन टक्के खाली असतो. मग समोरच्या पडद्यावर ‘एलव्हीआर सीएलबी’ (लिव्हर सीएलमध्ये आणा) अशी पांढरी अक्षरं लुकलुकत राहतात, विमान रडतखडत चढतं, आणि आपण वजन नाहीतर इंधन तपासत बसतो. कारण साधं आहे. सीएलच्या खाली असलेला लिव्हर ऑटोथ्रस्टची कमाल मर्यादा ठरवतो; त्यापलीकडे इंजिन जात नाही.

फ्लायबायवायर या गटाने सिमसाठी बनवलेल्या मोफत ए३२० मध्ये फ्लायपॅड नावाचा टॅबलेट कॉकपिटमध्येच दिलेला आहे. त्यात थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. प्रत्येक खाचेसाठी खालचा आणि वरचा आकडा द्यायचा असतो. इथे कंजुषी करू नका, पट्टा रुंद ठेवा. जुन्या थ्रॉटलचा आकडा स्थिर राहत नाही, थरथरतो. पट्टा अरुंद असेल तर विमान सीएलच्या आत-बाहेर उड्या मारतं. दोन वेगळे लिव्हर असतील आणि त्यातला एकच सीएलमध्ये बसला असेल, तर ‘एलव्हीआर एसिम’ (लिव्हर सारखे नाहीत) दिसेल. मी थ्रॉटलच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून सीएल आणि फ्लेक्सच्या जागी पेनने रेघा मारल्या. अंधारात दिसत नाहीत म्हणून नंतर सीएलच्या रेघेवर आगकाडीचा तुकडा चिकटवला. आता न बघता बोटाला कळतं.

उतरताना २० फुटांवर विमान ‘रिटार्ड’ म्हणतं. ती आठवण असते. लिव्हर आयडलला आपणच ओढायचा असतो. ७३७ च्या ऑटोथ्रॉटलने लिव्हर स्वतः मागे आणायची सवय लावलेली असेल, तर इथे हात स्वस्थ बसतो, चाकं टेकली तरी लिव्हर सीएलमध्येच राहतो, पंखांवरचे स्पॉयलर (उतरल्यावर उभ्या राहणाऱ्या फळ्या) उघडत नाहीत आणि विमान थांबायचं नाव घेत नाही. ‘ब्रेक लागत नाहीत’ अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

हा प्रश्न फक्त सिममधला नाही. १७ जुलै २००७ रोजी ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅमचं ए३२० उतरलं, तेव्हा एक लिव्हर मागे आला होता आणि दुसरा सीएलच्याच जागी राहिला होता. स्पॉयलर उघडले नाहीत, विमान धावपट्टी सोडून गेलं आणि १९९ माणसं गेली. मी हे वाचल्यापासून प्रत्येक लँडिंगला दोन्ही लिव्हर मागे आल्याची हाताने खात्री करतो.

स्टिक: ढवळू नका

७३७ हाताने उडवताना सतत ट्रिम करावं लागतं, म्हणजे नाक हवं तिथे टिकेल असं चाक फिरवून जुळवावं लागतं. वेग बदलला, फ्लॅप बदलले, की नाक हलतं आणि आपण ते सावरतो. ए३२० मध्ये हवेत ट्रिम आपोआप होतो. स्टिक मधोमध सोडली की विमान आहे तो मार्ग धरून ठेवतं. वाऱ्याने हललं तरी बरंचसं स्वतःच सावरतं. आपण ७३७ च्या सवयीने त्याच वेळी स्टिक हलवतो, म्हणजे एकाच चुकीची दुरुस्ती दोघं करतात, आणि विमान डोलायला लागतं.

पाच हजार फुटांवर ऑटोपायलट काढून एक प्रयोग करा. वीस अंश कलवा आणि स्टिक सोडा. विमान वीस अंशांवरच राहील, उंचीही जवळजवळ सुटणार नाही. वळताना स्टिक मागे ओढायची गरज नाही. आता पंचेचाळीस अंश कलवून सोडा. ते हळूच तेहतीसवर परत येईल. हे दोन-चार वेळा हाताने अनुभवलं की ‘हलवा, सोडा, थांबा’ ही लय बसते.

सोडलेलं विमान स्वतःहून एका बाजूला कलत असेल तर जॉयस्टिकचा मध्य नीट नाही. सेटिंगमध्ये थोडा डेडझोन द्या, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल सिम धरणार नाही. सिमच्या मदतनीस सेटिंगमधला आपोआप ट्रिमही बंद करा. विमानाचा स्वतःचा ट्रिम आणि सिमचा ट्रिम एकमेकांशी भांडतात.

माझ्या तीन आपटण्यांचं कारण फ्लेअर होतं, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं. जमिनीपासून ५० फुटांवर संगणक नाकाचा त्या क्षणीचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांखाली नाक हळूहळू खाली न्यायला लागतो, म्हणजे वैमानिकाला नेहमीच्या विमानासारखं मागे ओढावं लागेल. वरून ‘सोडा आणि थांबा’ शिकून आलेला हात नेमका इथेही थांबतो, आणि विमान नाक खाली घालून आदळतं. तीस फुटांच्या आसपास हलकं, सलग ओढायला सुरुवात करा आणि टेकेपर्यंत सोडू नका. एकदम झटका दिला तर विमान तरंगत धावपट्टी खात जाईल.

समोरची वरची ओळ वाचा

बोइंगच्या ऑटोपायलटच्या पट्टीवर बटणाचा दिवा लागला की काय चालू आहे ते कळतं. ए३२० च्या एफसीयूवर, म्हणजे ऑटोपायलटच्या पट्टीवर, गोल घुंड्या आहेत: फिरवायची, मग दाबायची किंवा ओढायची. दाबली की निर्णय विमानाच्या संगणकाकडे गेला, ओढली की तुमच्याकडे आला. पण घुंडी दाबली म्हणजे काम झालं असं नाही. खरं काय चालू आहे ते फक्त एफएमए सांगतं, म्हणजे मुख्य पडद्यावरच्या सगळ्यात वरच्या ओळीतले पाच रकाने. घुंडीला हात लावल्यावर दर वेळी ती ओळ मोठ्याने वाचा. घरात एकटे असलात तरी वाचा.

पहिला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे ‘स्पीड’ असेल तर इंजिनं वेग राखतायत. ‘टीएचआर आयडल’ असेल तर इंजिनं आयडलवर आहेत आणि वेग नाकाच्या कोनावर अवलंबून आहे. उंचीची घुंडी ओढून ‘ओपन डिसेंट’ (इंजिनं आयडलवर ठेवून उतरणं) घेतलं, मग ऑटोपायलट काढून हाताने उतरणीचा मार्ग धरायला नाक उचललं, की वेग पडत जातो आणि इंजिनं काहीच करत नाहीत.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ हे विमान बंगळूरच्या धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १४६ पैकी ९२ जण दगावले. ए३२० तेव्हा इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात नुकतंच आलं होतं. उतरताना विमान ओपन डिसेंटमध्ये होतं, इंजिनं आयडलवर, आणि घटणारा वेग वेळेत लक्षात आला नाही.

हाताने उतरताना ‘टीएचआर आयडल’ दिसलं तर दोन्ही फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर कुठे वळायचं ते दाखवणाऱ्या रेघा) बंद करा, ऑटोथ्रस्ट ‘स्पीड’वर येईल. जमिनीपासून हजार फुटांवर पहिल्या रकान्यात ‘स्पीड’ नसेल, तर मी लँडिंग सोडून देतो.

‘वेग कमी होत नाही’, ‘वेगाचा आकडा नाचतो’

पहिल्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एमसीडीयूमध्ये, म्हणजे उड्डाणाची माहिती भरायच्या कळफलकात, असतं. ‘पर्फ’ पानावर अप्रोच फेज चालू केल्याशिवाय विमान स्वतःचा लक्ष्य वेग उतरण्याच्या वेगाकडे आणत नाही. भरलेल्या मार्गावरच असलात तर डिसेल बिंदूवर (जिथे वेग कमी करायला सुरुवात होते) ते आपोआप होतं. हेडिंगवर, म्हणजे स्वतः दिशा देत, विमान वळवत आलात तर स्वतः करा. मग फ्लॅप. ७३७-८०० वर फ्लॅप ५ साठी २५० नॉट चालतात, त्या हिशेबाने इथे हात घालू नका. ए३२० मध्ये पहिला फ्लॅप २३० खाली, दुसरा २००, तिसरा १८५, आणि पूर्ण फ्लॅप १७७ खाली.

दुसरी तक्रार म्हणजे बिघाडच नव्हे. एमसीडीयूत उतरण्याचा वेग १३६ दाखवतो आणि पडद्यावरच्या वेगाच्या पट्टीवरचा जांभळा त्रिकोण (लक्ष्य वेग) १४५ वर जाऊन पुन्हा खाली येतो. समोरून वाऱ्याचा जोरदार झोत आला की विमान लक्ष्य वेग वाढवतं, म्हणजे तो झोत अचानक पडला तरी हातात वेग शिल्लक राहील. त्रिकोण नाचतो म्हणून वेगाची घुंडी ओढून आकडा पक्का करणारे खूप भेटतात, आणि वाऱ्याच्या दिवशी त्यांनाच त्रास होतो.

किरकोळ दोन गोष्टी. इंजिन सुरू करताना इथे ७३७ सारखी इंजिन २५ टक्के फिरायची वाट बघत इंधन सोडायचं नाही, मास्टर स्विच चालू केला की बाकी संगणक करतो; मात्र दोन्ही इंजिनं सुरू झाल्यावर मोड सिलेक्टर (इंजिन सुरू करायची घुंडी) ‘नॉर्म’वर परत आणायला विसरू नका. आणि एपीयू ब्लीड (शेपटीतल्या छोट्या इंजिनाची दाबाची हवा) चालू नसेल आणि बाहेरूनही हवा मिळत नसेल, तर पहिलं इंजिन फिरणारच नाही.

शेवटी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. ७३७ मध्ये टोगाचं बटण दाबायचं असतं. ए३२० मध्ये लिव्हर टोगाच्या खाचेपर्यंत, अगदी शेवटपर्यंत, पुढे ढकलायचे. जोर भरपूर आला म्हणून अर्ध्यात थांबलात तर विमान गो-अराउंडमध्ये जाणार नाही, ते अजूनही उतरायच्याच बेतात राहील. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर आहे आणि आजूबाजूचा भाग सपाट. सरावाला मी तीच घेतो: उतरायला यायचं, दोनशे फुटांवर टोगा, एफएमए वाचायचं, एक टप्पा फ्लॅप वर, चढ दिसला की चाकं वर, मग लिव्हर आगकाडीच्या रेघेपर्यंत मागे. एका संध्याकाळी पाच फेऱ्या होतात.