पाठ टेकल्यावर सुरू होणारी कुस्ती

माझे सासरे, आबा, तरुणपणी बडोद्याच्या दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. मी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जायला लागले तेव्हा मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून म्हणाले, "अगं, पाठ टेकली की कुस्ती संपते. तू तर आधीच लोळलीस!"

फरक नेमका तिथेच आहे. कुस्तीत चीत झालात की हरलात. इथे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं हाच एक पवित्रा, त्याला गार्ड म्हणतात. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं तर २ गुण, त्याचा गार्ड ओलांडला तर ३, आणि छातीवर बसलात किंवा मागून पाय अडकवून पाठ पकडलीत तर ४. बहुतेक खेळ जमिनीवरच होतो. आबांना मात्र हे पटलं ते माएदामुळे. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू, गावोगावच्या पहिलवानांसारखा देशोदेशी कुस्त्या मारत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि पुढे त्याचा अंगानं किरकोळ असलेला धाकटा भाऊ एलियो यानं ताकदीपेक्षा टेकू आणि वेळ साधण्यावर भर दिला. "मग हा आपलाच माणूस," आबांचा निकाल.

मी सुरुवात केली एकेचाळिसाव्या वर्षी. नऊ वर्षांच्या लेकीला सोडायला जायचे आणि तासभर बाकावर फोन बघत बसायचे. शेवटी बाकाचा कंटाळा आला.

आधी क्लास कसा निवडायचा ते, कारण मी पहिल्यांदा चुकीचा निवडला. तिथे वर्षाची फी आधीच भरून घेतली आणि पहिल्याच दिवशी ऐंशी किलोच्या गड्यासमोर उभं केलं, "बघू किती दम आहे" म्हणून. तीन आठवड्यांत सोडलं, फी गेली ती गेलीच. म्हणून एक तास नुसतं बसून बघा. नवख्यांना कोणाबरोबर जोडतात? शिकवणाऱ्याचा बेल्ट कुठला, आणि तो त्याला कोणी दिला? या खेळात गुरुपरंपरा विचारणं उद्धटपणाचं समजत नाहीत. चांगला शिक्षक हसून सांगतो.

पहिला महिना डाव फारसे नसतातच. पडायचं कसं, आणि कोळंबीसारखं अंग आखडून कंबर मागे सरकवत मॅटवरून जायचं कसं. त्याला श्रिम्प म्हणतात. मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या झाल्या की पोटऱ्या बोलायला लागतात.

मग येतो टॅप. अडकलात की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटायचं, तो लगेच सोडतो. हात अडकले असतील तर पायानं थोपटा, नाहीतर तोंडानं म्हणा. ऐकायला सोपं आहे. पाचव्या महिन्यात माझ्या निम्म्या वयाच्या मुलीनं आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, लावला आणि मी मनात म्हटलं, अजून थोडं, सुटेल. कोपरात कट्‌ असा आवाज आला. पुढे सहा आठवडे स्कूटीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कळ थेट खांद्यापर्यंत. दुखायला लागल्यावर टॅप करायचा नसतो, हात सरळ होऊ लागला की करायचा. गळ्याच्या डावांत तर दुखण्याची वाटच बघू नका. दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते.

मुलांचं वेगळं. त्यांची बॅच म्हणजे निम्मी पकडापकडी आणि खेकड्याची चाल, आणि तेच बरोबर आहे. मनगट पिरगाळणं, टाच पिळणं असले डाव त्यांना स्पर्धेत बंद असतात. त्यांचे बेल्टही निराळे: पांढरा, करडा, पिवळा, केशरी, हिरवा. निळा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही, तेव्हा नऊ वर्षांच्या पोराला "ब्लॅक बेल्ट" देणाऱ्यांपासून लांब राहा. मोठ्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा, आणि काळ्यापर्यंत दहाएक वर्षं सहज जातात. बाकावरून "अगं पाय धर, पाय!" असं ओरडू नका. मी ओरडले होते. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात समोरच्यानं तिची पाठ पकडली.

सामानात गी, म्हणजे तो जाड डगला, दोन घ्या. बडोद्याच्या पावसाळ्यात एक धुतलेला गी दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर घातला तर नायटा ठरलेला. हातापायांची नखं कापून या, मॅटबाहेर चप्पल घाला.

नवरात्रात संध्याकाळची बॅच ओस पडते, फी भरतानाच त्याचं विचारून घ्या. आणि नऊ रात्री गरबा खेळून दहाव्या दिवशी आलात तर पाय आधीच गेलेले असतात. त्या दिवशी नुसतं ड्रिल, म्हणजे ठरलेल्या डावांचा सराव करा, रोलिंग, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झटापट, नको.